नकाशावरच्या तुटक रेघा

डिसेंबरातला रविवार, सकाळचे साडेसात. हिप्परग्याच्या अलीकडं एका पाणंदीच्या कडेला आम्ही चौघं मांडी घालून बसलेलो आणि प्रत्येकाच्या मांडीवर सायकलचं एकेक चाक. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, चरखे घेऊन सूत कातायला बसलेत. गिरण्यांच्या सोलापूरला ते शोभलंही असतं. प्रत्यक्षात आम्ही सराटे वेचत होतो. माझ्या मागच्या चाकातून सतरा निघाले. आमच्यातला एकजण औषधाचं दुकान चालवतो. त्यानं बायकोचा भुवया कोरायचा चिमटा गुपचूप उचलून आणला होता, आणि त्या सकाळी त्या चिमट्याला जो मान होता तो कुणाच्या महागड्या हेल्मेटलाही नव्हता.

सराटा म्हणजे काढ्यातला गोखरू. पावसाळ्यात जमिनीला चिकटून पसरणारी वेल, पिवळी इवली फुलं, बघायला अगदी गरीब. दिवाळीनंतर तिची फळं सुकतात, फळाच्या पाच फाका सुट्या होतात आणि प्रत्येक फाकेला दोन लांब काटे राहतात. ही फाक कशीही पडली तरी एक काटा आभाळाकडं असतोच. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेकडचे सायकलवाले ह्याच काट्याला बकऱ्याचं डोकं म्हणतात आणि आमच्याइतक्याच शिव्या घालतात. त्यांच्याशी आमचं तेवढं एक नातं.

एक गोष्ट ठेचा खाऊन शिकलो. साधी ट्यूब असेल तर रुतलेला सराटा वाटेत उपटू नये. काटा स्वतःच भोकाचं बूच असतो, हवा हळूहळू जाते, मध्ये दोनदा पंप मारून माणूस घरी पोचतो. उपटला की दोन मिनिटांत चाक जमिनीला टेकतं. ट्यूबलेस टायरात दुधासारखं सीलंट भरलेलं असतं. तिथं मात्र काटा काढायचा, भोक खाली येईल असं चाक फिरवायचं, पांढरा बुडबुडा येतो, फुसफुसतो आणि बसतो. त्या दिवशी चौघांपैकी दोघं ट्यूबवाले होते आणि दोघांनीही काटे उपटून झाल्यावर हे ज्ञान मिळवलं.

माउंटन बाइक चालवतो असं सोलापुरात कुणाला सांगितलं, की प्रश्न ठरलेला: "बे, इथं माउंटन कुठाय?" प्रश्न रास्त आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, आणि भोवती नजर जाईल तिथवर माळ नाहीतर ज्वारी. ज्या खेळाचं हे यंत्र, त्याचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात झाला. तिथं १९७६ साली काही पोरांनी दोन मैलांत तेराशे फूट उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर शर्यत लावली. सायकली १९३०-४० च्या दशकांतल्या, जाडजूड टायरच्या, जुन्या बाजारातून उचललेल्या. मागचा ब्रेक उतारावर इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं, आणि खाली आल्यावर पुन्हा भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच पडलं रिपॅक. वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये गेला.

पण जाडजूड सायकल कच्च्या वाटेवर हाणायची गोष्ट आपल्याकडं त्याआधीचीच आहे. चोवीस इंची ॲटलास, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या, आणि पहाटे गावाच्या शिवारातून शहराकडं निघालेला गवळी. गिअर नाही, शॉकॲब्सॉर्बर नाही, पायात चप्पल. ज्या पाणंदीवर आम्ही आज हेल्मेट आणि हातमोजे घालून हाश्शहुश्श करतो तिथून ती माणसं रोज ये-जा करत होती. त्यांना कुणी ट्रॅकसूट दिला नाही, एवढाच फरक. आमच्या सायकलीलाही गावात कुणी माउंटन बाइक म्हणत नाही. ती 'गेअरची सायकल'. आणि पुढचा प्रश्न तिच्या किमतीचा असतो. खरी किंमत सांगू नये. एकदा सांगितली तर त्या पैशात कुठली मोटारसायकल येते ह्यावर पाऊण तास चर्चा झाली, आणि मुद्दा त्यांचाच बरोबर होता.

आता हे सगळं हिवाळ्यातच का, ते सांगायला मातीकडं यावं लागतं. सोलापूर पर्जन्यछायेत आहे, पाऊस मुळात बेताचा, आणि जो पडतो त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. म्हणजे पुणे-साताऱ्याकडं वाटा सुकायला लागतात तेव्हा आमची काळी माती पिऊन टम्म झालेली असते. ही माती पाणी धरून फुगते आणि वाळताना आक्रसून भेगाळते. ह्याच गुणावर आमची रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते. सायकलला तोच गुण मारक. ओल्या काळ्या मातीत चाक दहा फेरे फिरलं की टायर मोटारीच्या टायरएवढं जाड होतं, मग माती फ्रेमला घासते, मग चाक फिरतच नाही. सायकल खांद्यावर घ्यावी तर तिचं वजन दुप्पट. खिशात चपटी काटकी ठेवायची आणि दर पन्नास पावलांवर खरवडायचं. मुरमाचा माळ मात्र दुसऱ्या दिवशी चालवायला मोकळा. त्यामुळं नवी वाट शोधताना आधी रंग बघायचा: तांबूस असेल तर घुसा, काळी असेल तर कार्तिकी होऊ द्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत हा खेळ. मार्चपासून ऊन, आणि एप्रिल-मे मधलं सोलापूर काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्याला सांगून पटत नाही.

काळी माती सुकली की बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या चरांचा जणू दगड होतो. ह्या चरांनाच चाकोरी म्हणतात. 'चाकोरीबाहेरचं जगा' असं भाषणात सांगणाऱ्यांनी एकदा आमच्याबरोबर यावं. चाकोरीत राहिलं तर घोटाभर फुफाटा, हँडल आपलं ऐकत नाही आणि पेडल कडेला आपटतं. चाकोरी सोडून मधल्या उंचवट्यावर चढलं तर गवत, आणि गवतात सराटे. आम्ही गेली काही वर्षं ह्यावर वाद घालतोय. माझं मत चाकोरीच्या बाजूनं आहे. फुफाटा आंघोळीनं जातो.

वाटा शोधायच्या कशा? शहरातून चारी दिशांना मोठे रस्ते फुटतात. पुणे-हैदराबादचा महामार्ग, तुळजापूर आणि विजापूरकडचा, अक्कलकोटचा, मंगळवेढ्याचा. ते सगळे आता रुंद, गुळगुळीत आणि सायकलला जीवघेणे. गाळप हंगामात त्यांच्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, आणि सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने किती ते सर्वांना ठाऊक आहे. मोबाइलवरचे नकाशेही बहुतेक डांबरच दाखवतात. आम्ही पहिली दोन वर्षं उपग्रहाच्या चित्रात बोट फिरवून वाटा हेरत होतो. चित्रात जी सुरेख पिवळी रेघ दिसायची ती जागेवर कधी ओढा निघायची, कधी पाइपलाइनसाठी खणून बुजवलेला चर.

मग आमच्यातल्या शाळामास्तरांनी गावनकाशा काढला. वडिलोपार्जित शेताच्या वाटेचा वाद त्यांच्या घरात चालू असल्यानं त्यांना ती विद्या होती. भूमी अभिलेख खात्याचे गावनकाशे आता संगणकावर बघता येतात. त्यात गटांच्या हद्दींमधून तुटक रेघा जातात. दोन समांतर तुटक रेघा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी १६.५ ते २१ फूट. एकच तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, रुंदी ८.२५ फूट. हे अपूर्णांकातले आकडे बघून मी आधी चक्रावलो. मास्तरांनी गुंठ्याची आठवण करून दिली: ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. जमीन मोजायची साखळी ३३ फुटांची. तिचा निम्मा साडेसोळा, पाव सव्वाआठ. पाव साखळीची पायवाट. आमच्या दोन सायकली शेजारी-शेजारी आरामात जातील एवढी.

नकाशात जातील. जमिनीवर ह्या तुटक रेघा दरवर्षी एकेक तास नांगरानं खाल्ल्या जातात. कोणी मुद्दाम करतं, कोणाचा बैल वळताना तेवढा सरकतो. वीस-पंचवीस वर्षांत सव्वाआठ फुटांची वाट दीड फुटांचा बांध होते आणि मग कज्जा तहसीलदारासमोर उभा राहतो. वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. शेताला वाटच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून रस्ता मागू देतं. हे दोन आकडे आमच्याकडं चावडीवरच्या म्हाताऱ्यांनाही तोंडपाठ असतात. मात्र हा सगळा कज्जा ज्याचं पोट त्या वाटेवर आहे त्याचा. रविवारच्या हौशी सायकलवाल्यानं गावनकाशाची छापील प्रत नाचवून 'हा रस्ता सरकारी आहे' म्हणू नये. आम्ही एकदा म्हणालो. समोरच्या गृहस्थांना आम्ही भाऊबंदांनी धाडलेले मोजणीवाले वाटलो. त्यानंतरची पंधरा मिनिटं इथं छापण्याजोगी नाहीत.

तेव्हापासून रीत बदलली. नकाशात रेघ दिसली, की पहिल्या वस्तीवर उतरायचं, सायकल हातात धरून चालत जायचं, समोरच्या दादांना किंवा मावशींना रामराम घालायचा आणि वाट कुठं निघते ते विचारायचं. उत्तर बहुधा प्रश्नानंच येतं: "कुणाचं पावणं?" मग सोलापुरात राहता कुठं, मूळ गाव कोणतं, अमक्या गावचे तमके तुमचे कोण, हे सगळं होतं. वीस मिनिटं जातात. त्यात कळतं ते कुठल्याच नकाशात नसतं. पुढची विहीर कठडा नसलेली आहे. ओढ्यापलीकडं डुकरांसाठी रात्री तार सोडतात, ती सकाळी काढलीय का बघा. त्या वस्तीवरची कुत्री मोकळी आहेत. पहिली माहिती ऐकली नसती तर हा लेख लिहायला मी नसतो, असं थोडं वाढवून सांगता येईल. फार वाढवावं लागणार नाही.

आमची हक्काची वाट हिप्परग्याच्या तलावाकाठची. एकरुखचा हा तलाव आदिला नदीवर इंग्रजी अमदानीत बांधला, १८७१ मध्ये पुरा झाला, आणि शहराला त्यानं पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजलं. हिवाळा सरत जातो तसं पाणी मागं हटतं आणि काठाला ओली, भेगाळ, शिंपल्यांनी भरलेली पट्टी उघडी पडते. जिथं गाळपेर असते तिथं पाऊल ठेवायचं नाही. बाकी काठावर गुरांनी पाडलेली वाट सायकलला पुरते. पहाटे पाण्यावर धुकं, पलीकडं तुळजापूर रस्त्यावरच्या ट्रकचे दिवे, आणि बोटं इतकी गार की गिअर बदलल्याचं कानांनी कळतं. सोलापुरात थंडी पडत नाही असं पुणेकर म्हणतात. त्यांनी जानेवारीत सहा वाजता ह्या काठावर यावं.

शहरापासून पुढं सरकलं की पाझर तलाव लागतात. ह्यांतले कितीतरी बहात्तरच्या दुष्काळातले. लोक खडी फोडायला, माती उपसायला गेले आणि त्यांच्या पाट्यांनी हे भराव उभे राहिले. भरावाचा माथा सलग, रुंद, मुरमाचा. सायकलला ह्याच्यापेक्षा सुंदर दीड-दोनशे मीटर मिळणार नाहीत. एकदा अशाच एका भरावावर आम्ही वर-खाली चकरा मारत होतो, मोबाइलवर वेळ लावून. शेळ्या राखणारी एक आजी बराच वेळ बघत राहिली. मग तिनं सांगितलं की ह्याच भरावावर तिनं लेकरू पाठीशी बांधून माती वाहिली होती. तक्रारीचा सूर नव्हता, कौतुकाचाही नव्हता. सांगून ती शेळ्यांमागं गेली. घड्याळ लावायचं आम्ही त्या दिवसापुरतं तरी विसरलो.

जिथं सायकल न्यायची नाही अशी एक जागा आहे, आणि मोह सर्वांत जास्त तिथंच होतो. बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर नान्नज. गवताळ माळ, हलके चढउतार, टणक मुरूम, जणू डोंगरी सायकलसाठीच घडवलेला. १९७२ मध्ये इथल्या माळढोकांकडं बी. एस. कुलकर्णी ह्या शिक्षकानं लक्ष वेधलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य झालं. कागदावर ते तेव्हा जवळपास ८,५०० चौरस किलोमीटरचं होतं. त्यात गावं, शेतं, तालुके, सगळंच आलं आणि लोक वैतागले. नंतर ते सव्वाबाराशेच्या आसपास आणलं. माळढोक आता जवळजवळ गेलाच. म्हणून आता काय बिघडतं, असं आमच्यातल्याच एकानं म्हटलं होतं. बिघडतं. ह्या माळावरचे चंडोल, तित्तिर, धाविक सगळे जमिनीवर राहणारे आणि तिथंच अंडी घालणारे. हिवाळ्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून येणारे भोवत्या, म्हणजे हॅरियर, रात्री झाडावर बसतच नाहीत. गवतात जमिनीवर थव्यानं मुक्काम करतात. आमची सायकलची वेळ पहाटेची आणि त्यांची उठायची वेळ तीच. शिवाय परवानगीवाचून अभयारण्यात शिरणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. नान्नजला जायचं तर रस्त्यानं जावं, वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी, दुर्बीण न्यावी. लांडगा दिसला तर नशीब.

ज्याला चढच पाहिजे त्यानं तुळजापूर गाठावं. पंचेचाळीस किलोमीटर. तुळजापूर साधारण साडेसहाशे मीटरवर, बालाघाटाच्या कडेला. म्हणजे आमच्या वाट्याचा डोंगर दोनशे मीटरचा, आणि तोही बराचसा शेवटच्या घाटात. कोजागरीला सोलापुरातून लाखो माणसं हे अंतर पायी तोडतात. त्या रात्री रस्ता त्यांचा असतो. घाटाच्या अंगाच्या वाटा खडकाळ, सुट्या दगडांच्या. तिथं माझी सायकल मी जास्त करून हातात धरूनच फिरवली आहे, त्यामुळं तज्ज्ञासारखं बोलत नाही. आमच्यातला यंत्रमागवाला, जो टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर उड्या मारत वाढला, तो तिथं सुखी असतो.

मला विचाराल तर सोलापूरच्या हिवाळ्याची खरी वाट ज्वारीतली. जानेवारीत मालदांडी डोक्याच्या वर गेलेली असते. मोहोळच्या संशोधन केंद्रानं निवडलेलं हे वाण आता शंभरीकडं झुकलंय, तरी कोरडवाहूत त्याला तोड नाही. दोन्हीकडं ही ज्वारी आणि मधून पाणंद, म्हणजे छप्पर नसलेला बोगदा. कणसांवर दव, खाली चाकोरी, पुढचा माणूस वळणावर गेला की फक्त साखळीचा आवाज. आणि वरून गोफणीचा दगड. पाखरं राखणारा माळ्यावर उभा असतो, त्याला ज्वारीत बुडालेला सायकलवाला दिसत नाही. म्हणून ह्या बोगद्यात आम्ही घंटी वाजवत जातो. गेअरच्या सायकलला घंटी लावणं फॅशनमध्ये बसत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. त्यानं गोफण बघितलेली नसावी.

ह्याच दिवसांत हुरडा, आणि त्याच्या आधी मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. दक्षिण सोलापूर-अक्कलकोटच्या बाजूला त्या दिवशी गावं रिकामी आणि शिवारं भरलेली. कडब्याची कोप, आत पांडव मांडलेले, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबील. त्या दिवशी सायकलवर वीस किलोमीटरांचा बेत करून निघालो आणि सहा किलोमीटरांत चार शेतांत जेवलो. वाटेनं जाणाऱ्याला न जेवता सोडायचं नाही असा दंडक. आंबील पिऊन चढ चढता येत नाही हे इथं नोंदवून ठेवतो.

ह्या वर्षी आम्ही जी नवी वाट धरली ती मास्तरांच्या नकाशात दोन गावांच्या शिवेवरून जाते, एकच तुटक रेघ, साधारण चार किलोमीटर. पहिले अडीच छान गेले. एका बांधाशी बाभळीची फांदी आडवी टाकलेली होती. ती उचलली, पलीकडं गेलो, परत होती तशी आडवी ठेवली. पुढं वाट संपली. समोर उभी ज्वारी. नकाशा म्हणत होता रेघ सरळ जाते, आणि रेघेवर पीक होतं. शेताचे मालक पाणी धरत होते. त्यांनी आम्ही फांदी परत ठेवताना पाहिलं होतं. वाट इथूनच होती, त्यांनी लपवलं नाही. वडिलांच्या वेळी गाडी जायची, म्हणाले. आता पेरलंय. फेब्रुवारीअखेर काढणी होईल, मग खुशाल जा, तोवर बांधाच्या कडेनं सायकली उचलून न्या. आम्ही उचलून नेल्या. दीडशे पावलं, खांद्यावर सायकल, दोन्ही पायांत कुसळं.

फेब्रुवारीअखेर आम्ही परत जाणार आहोत. कुणाला यायचं असेल तर यावं, सायकल कुठलीही चालेल, चोवीस इंचीही. पाणी दोन बाटल्या आणि घंटी हवी. चिमटा मात्र आपापला आणावा. औषधवाल्याच्या घरी तो हरवल्याचं आता कळलं आहे.